आर्किमिडीजचे खरवडलेले पान: एका चर्मपत्री ग्रंथाचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावात २९ ऑक्टोबर १९९८ रोजी एका प्रार्थनाग्रंथाला २० लाख डॉलर आले. ग्रंथ दिसायला अगदीच केविलवाणा. कडा काळवंडलेल्या, पानांवर जांभळट बुरशीचे डाग, मेणबत्तीचे थेंब, कणा गोंदाने थापलेला. बोली अर्थातच प्रार्थनांसाठी लागली नव्हती. प्रार्थनांच्या ओळींखाली, त्यांना काटकोनात, आर्किमिडीजच्या सात ग्रंथांचा ग्रीक मजकूर होता. तो दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजच्या इस्तंबूलमध्ये) नकलून घेतलेला आणि तेराव्या शतकात खरवडलेला. त्यांतला ‘यांत्रिक प्रमेयांची पद्धत’ हा ग्रंथ दुसरीकडे कुठेच उरलेला नाही. ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या ग्रंथाची ग्रीक प्रत आणि ‘स्टोमाखियॉन’चा ग्रीक तुकडाही फक्त इथेच.

हे प्रकरण सहसा ‘अडाणी भिक्षूने आर्किमिडीज पुसला’ अशा थाटात सांगितले जाते. पण कातडे, शाई, शिवण आणि गोंद यांच्या बाजूने पाहिले तर हिशेब वेगळा निघतो. १२२९ च्या खरवडण्याने मजकूर फिका झाला, पण जागेवर राहिला. जे भरून न येणारे नुकसान झाले, ते बहुतेक १९०६ नंतरचे आहे.

मूळ ग्रंथ: कातडे आणि शाई

चर्मपत्र म्हणजे कमावलेले चामडे नव्हे, त्यात टॅनिन (झाडाच्या सालीतला तुरट पदार्थ) मुरवलेले नसते. शेळी, मेंढी किंवा वासराचे कातडे चुन्याच्या पाण्यात आठ-दहा दिवस ठेवतात. केसांची मुळे सैल झाली की केस आणि आतले मांस खरवडून काढतात, मग कातडे लाकडी चौकटीवर ताणतात. थेट भोक पाडून बांधले तर ताणाखाली कातडे फाटते. म्हणून कडेला गुळगुळीत खडा गुंडाळायचा, त्याच्या मानेला दोरी बांधायची आणि ती चौकटीच्या खुंटीला पिळत न्यायची. ओले असतानाच चंद्रकोरी पात्याने ते तासतात, वाळत जाईल तशा खुंट्या आवळतात. सगळी करामत या ताणात आहे. कोलॅजनचे (कातडे ज्याचे बनते त्या प्रथिनाचे) गुंतलेले तंतू ताणाखाली पृष्ठभागाला समांतर थरांत बसतात आणि त्याच स्थितीत वाळतात. त्यामुळे पान पातळ, अपारदर्शक आणि पांढरे होते. मात्र हे बसणे कायमचे नसते. पानाला ओल लागली आणि ताण नसला, तर कातडे पुन्हा जनावराच्या अंगावरचा आकार धरू पाहते. चर्मपत्री ग्रंथाला जड लाकडी फळ्या आणि कड्या का लागतात, याचे उत्तर इथे आहे.

आर्किमिडीजच्या मूळ ग्रंथाचे पान साधारण ३० सेंटिमीटर उंच आणि २० रुंद होते, मजकूर दोन स्तंभांत. चार जोडपाने एकात एक घातली की आठ पानांचा फर्मा तयार होतो. तो लावताना केसांची बाजू केसांच्या बाजूसमोर आणि मांसाची मांसासमोर येईल असे पाहतात. उघडल्यावर दोन्ही पृष्ठे एका रंगाची दिसावीत, हा एक हेतू. दुसरे म्हणजे दोन्ही बाजू ओलाव्याने सारख्या ताणत नाहीत, त्यामुळे पानांचा कल समोरासमोर तोलला जातो. ओळी शाईने नव्हे, बोथट टोकाने दाबून आखतात. या खाचा खरवडल्यावरही बऱ्याचदा शिल्लक राहतात आणि खालच्या मजकुराची दिशा सांगतात.

शाई लोहाची होती. कृती सोपी आहे: मायफळ (बाळाच्या गुटीत उगाळतात तेच), हिराकस आणि बाभळीच्या जातीचा डिंक. पुढच्या काळातल्या युरोपीय पाककृतींत तीन भाग मायफळ, दोन भाग हिराकस, एक भाग डिंक असे प्रमाण वारंवार येते. मायफळातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह एकत्र येऊन सुरुवातीला फिके, विरघळणारे संयुग बनते. ते कातड्यात थोडे शिरते, आणि मग हवेतल्या प्राणवायूने काळे आणि अविद्राव्य होते. म्हणजे शाई काळी होते ती कातड्याच्या आत. हिराकस जास्त पडली तर उरलेले लोह आणि आम्ल पुढे शतकानुशतके पान खात राहते. शाईच्या जागी पान विरते, कधी अक्षरच गळून पडते. दोष म्हणावा असाच हा गुण. पण या प्रकरणात मजकूर वाचला तो यामुळेच.

आपल्या पोथ्यांच्या शाईशी ताडून पाहण्यासारखे आहे. काजळ आणि डिंकाची शाई कागदाला अपाय करत नाही, हजार वर्षांनीही काळीच राहते, पण ती बसते पृष्ठभागावर. एखादी पोथी ओल्या बोळ्याने कुणी मनापासून पुसली, तर मागे फारसे काही उरत नाही आणि शोधायला लोहही नसते.

१२२९: खरवडण्याचे काम

प्रार्थनाग्रंथाच्या लेखकाचे नाव इओआनेस मिरोनास. काम संपले एप्रिल १२२९ मध्ये. त्याने आर्किमिडीजच्या जोडीला आणखी काही जुने ग्रंथ मोडीत काढले. त्यांत अथेन्सचा वक्ता हिपेरिदेस याची भाषणे होती आणि ॲरिस्टॉटलच्या ‘कॅटेगरीज’वरील एक भाष्यही होते.

पद्धत अशी. शिवण कापून फळ्या काढायच्या. जोडपान घडीवर कापून दोन सुटी पाने करायची. पानावर सौम्य आम्लाचा द्रव किंवा दूध चोळून शाई सैल करायची, प्युमिस दगडाने घासायची आणि ताणून वाळवायचे. ताणले नाही तर पान आक्रसते आणि त्यावर लिहिता येत नाही. मग प्रत्येक पान ९० अंशांत फिरवून मधोमध दुमडायचे. ३० बाय २०चे पान असे २० बाय १५चे जोडपान होते. जुन्या ग्रंथाच्या एका पानात नव्याची दोन पाने निघतात.

या घडीचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी अडचण इथून सुरू होते. घडी जुन्या ओळींना समांतर पडते. त्यामुळे नव्या ग्रंथाच्या शिवणीत आर्किमिडीजची तुटक अक्षरे जात नाहीत, तीन-चार अख्ख्या ओळी जातात. शिवाय जोडपानाची दोन अर्धी फर्म्यात लांब जाऊन पडतात. आठ पानांच्या फर्म्यात बाहेरच्या जोडपानाचे अर्धे पहिल्या पानावर तर उरलेले आठव्यावर, त्याच्या आतले दुसऱ्यावर आणि सातव्यावर. त्यात लेखकाने जुनी पाने घेतली ती हाताला लागतील तशी. आर्किमिडीज सलग वाचायचा तर अर्धे पान वाचायचे, मग पुढची कितीतरी पाने उलटायची, ग्रंथ आडवा धरायचा, आणि मधल्या ओळी शिवणीत आहेत असे समजून सोडून द्यायच्या.

बायझँटाइन, म्हणजे त्या काळच्या कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्यातल्या, बांधणीत पाठीवर दोरखंड किंवा पट्ट्या नसतात. फर्म्यांच्या घडीवर इंग्रजी व्हीसारख्या खाचा कापतात. धागा प्रत्येक खाचेतून आत जाऊन बाहेर येतो आणि मागच्या फर्म्याच्या टाक्यात अडकतो, अशी साखळी तयार होते. आपल्याकडच्या जुजबंदीत फर्मे पट्टीला किंवा दोरीला धरतात, इथे फर्मा फर्म्याला धरतो. फळ्या पानांच्या बरोबरीने, म्हणजे कडेला बाहेर न डोकावता. कण्यावर कापडाचे अस्तर, वर चामडे. असा ग्रंथ चांगला उघडतो, कारण कणा हलू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी.

मिरोनासला दोष देण्याआधी एक हिशेब पाहू. आर्किमिडीजच्या ग्रंथांच्या तीन बायझँटाइन प्रतींची माहिती आहे. एकीचा मागोवा १३११ मध्ये पोपच्या ग्रंथसंग्रहात संपतो, दुसरीचा सोळाव्या शतकात. दोन्ही न खरवडलेल्या, दोन्ही नाहीशा. उरली ती खरवडलेली. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाच्या सैन्याने कॉन्स्टँटिनोपल लुटले. त्या धामधुमीनंतर गणिताचा ग्रंथ कुणी सांभाळला असता की नाही, देव जाणे. पण रोजच्या उपयोगाचा प्रार्थनाग्रंथ बेथलेहेमजवळच्या मार साबा मठात शतकानुशतके टिकला. मेणाचे थेंब तिथल्या वापराचेच.

१९०६ ते १९९८

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रीक मठसंस्थेत आला. १८४० च्या दशकात बायबलच्या जुन्या हस्तलिखितांचा अभ्यासक कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ तिथे येऊन गेला; त्याच्याकडे गेलेले एक पान आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. १८९९ मधल्या एका सूचीत खालच्या मजकुराच्या काही ओळी छापल्या गेल्या. त्या वाचून कोपनहेगनचे ग्रीक ग्रंथांचे अभ्यासक योहान हायबर्ग १९०६ मध्ये तिथे पोहोचले. हाताशी भिंग आणि फोटो, एवढ्यावर त्यांनी बहुतेक मजकूर वाचून काढला. त्यांनी शिवण उसवली नाही, त्यामुळे घडीतल्या ओळी राहिल्या. आकृत्यांकडेही त्यांनी फारसे लक्ष दिले नाही.

त्यांचे फोटो कोपनहेगनच्या रॉयल लायब्ररीत आहेत, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तोच. १९०६ मधले पान आणि १९९८ मधले तेच पान शेजारी ठेवले की नव्वद वर्षांत काय झाले ते उघड दिसते. १९०६ मध्ये पाने शाबूत आहेत, मजकूर नुसत्या डोळ्यांनीही जागोजागी लागतो. १९९८ मध्ये बुरशीने कोलॅजन खाल्लेले आहे, कडा झिजून गेल्या आहेत, १७७ पैकी तीन पाने गायब आहेत. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धानंतर केव्हातरी, ग्रंथ मठसंस्थेतून बाहेर पडला आणि पॅरिसमधल्या एका कुटुंबाकडे राहिला.

या नव्वद वर्षांत तीन गोष्टी घडल्या.

पहिली ओल. सापेक्ष आर्द्रता ६५–७० टक्क्यांच्या वर राहिली की चर्मपत्रावर बुरशी धरते. बुरशी पानावर नुसती वाढत नाही, ती कोलॅजन पचवते. डाग दिसतो तिथे पान आतून पोकळ, जाळीदार होते, आणि अक्षर धरून ठेवायला तंतूच राहत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे अशा कोलॅजनची पाण्यातली सहनशक्ती संपते. चांगले चर्मपत्र पाण्यात सुमारे ६० अंश सेल्सिअसला आक्रसते, सडलेले त्याच्या कितीतरी खाली. अतिशय खराब झालेले तर खोलीच्या तापमानालाही पाणी लागताच सरस (कातडे उकळून करतात तो गोंद) होऊन बसते. म्हणजे पुढे दुरुस्तीला पाणीच वापरता येत नाही.

दुसरी गोष्ट खोटी चित्रे. चार पानांवर सोनेरी पार्श्वभूमीची शुभवर्तमानकारांची (बायबलमधली येशूची चरित्रे लिहिणाऱ्या चौघांची) चित्रे आहेत. हायबर्गच्या वेळी तिथे नुसता मजकूर होता. ही चित्रे १९२९ मध्ये पॅरिसला छापलेल्या एका चित्रसंग्रहातून त्याच मापात उतरवलेली आहेत. त्यांतला हिरवा रंग थॅलोसायनीन नावाचे कृत्रिम रंगद्रव्य आहे, आणि तो बाजारात आला १९३८ मध्ये. म्हणजे चित्रे त्यानंतरची. ग्रंथाची किंमत वाढावी म्हणून कुणीतरी आर्किमिडीजवर रंग चढवला. खरवडणारा निदान नवे काही लिहीत होता.

तिसरी गोष्ट गोंद. ग्रंथाच्या कण्यावर जुन्या सरसाचा थर होता आणि त्यावर विसाव्या शतकात कुणीतरी सुतारकामाचा पीव्हीए गोंद चढवला. आपल्याकडे फेव्हिकॉल म्हणून ओळखतात त्या जातीचा. बांधणी सुटत चालली म्हणून केले असणार, हेतू वाईट नव्हता. पण हलता कणा आता घट्ट पट्टी झाला. पाने उघडेनात. चर्मपत्र हवेच्या ओलाव्यासरशी ताणते आणि आक्रसते. एक कड पक्की धरलेली असली की तो ताण घडीजवळ जमतो आणि पान तिथेच फाटते. ज्या घडीत आर्किमिडीजच्या न वाचलेल्या ओळी होत्या, नेमक्या त्याच जागी.

उलगडणे

जानेवारी १९९९ मध्ये नव्या मालकाने, ज्याचे नाव जाहीर नाही, ग्रंथ बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाकडे दिला. संवर्धनाचे काम ॲबिगेल क्वांट यांच्याकडे. सुटे करायला सुरुवात झाली एप्रिल २००० मध्ये आणि शेवटचे पान सुटले नोव्हेंबर २००४ मध्ये. १७४ पाने, साडेचार वर्षे, म्हणजे सरासरी महिन्याला तीन पाने. एरवी शिवण कापली की सुट्या होणाऱ्या ग्रंथाला इतका वेळ लागला, त्याचे कारण मुख्यतः गोंद.

सरस काढणे तुलनेने सोपे असते. तो पाण्याने फुगतो, मऊ होतो, बोथट पात्याने निघतो. पीव्हीएचे तसे नाही. बाटलीत तो पाण्यातले दुधाळ मिश्रण असतो, एकदा वाळला की पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोल किंवा ॲसिटोनने फुगवून, रबरासारखा झाला की कणाकणाने उचलावा लागतो. तोही घडीवर, जिथे खाली सडलेले कातडे आहे. घाई केली तर गोंदाबरोबर अक्षर येते. पाणी जास्त झाले तर कातडे सरस होते, द्रावक जास्त झाले तर कातडे कोरडे पडून ठिसूळ होते. मध्यम मार्ग म्हणून अशा कामात पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांचे मिश्रण वापरतात. अल्कोहोल पाण्याची कातड्यात मुरण्याची ओढ कमी करते आणि लवकर उडून जाते. पृष्ठभाग याच मिश्रणाने, कापसाच्या बोळ्यांनी स्वच्छ केला. मेणाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पात्याने उतरवले. मेणाखाली अक्षर असले तर कॅमेऱ्याला ते दिसत नाही, म्हणून हे काम टाळता येणारे नव्हते.

एक नियम इथे काटेकोर पाळला गेला: काहीही टाकून द्यायचे नाही. धाग्याचे तुकडे, रंगाच्या खपल्या, चर्मपत्राचे कण, सगळे पान क्रमांक लिहून पारदर्शक पाकिटांत. नंतर तुकडा कुठल्या पानाचा, हा प्रश्न हमखास येतो आणि त्या वेळी आठवणीवर विसंबता येत नाही.

फाटलेल्या जागी जपानी कोझो कागदाची बारीक पट्टी लावतात. इथेही चिकटवायला काय वापरायचे याचा विचार लागतो. गव्हाची खळ उत्तम, पण तिच्यात पाणी बरेच असते. लोहशाईत मोकळे लोह शिल्लक असते, ओल मिळाली की ते शाईबाहेर पसरते आणि नव्या जागी पान खाऊ लागते. म्हणून लोहशाईच्या दुरुस्तीत जिलेटिन पसंत करतात. ते कमी ओलाव्यात लावता येते आणि काही लोह स्वतःत धरून ठेवते.

वाचणे

पाने सुटी आणि सपाट झाली तेव्हा घडीतल्या ओळी पहिल्यांदाच उजेडात आल्या. पण त्या दिसल्या म्हणून वाचता आल्या असे नाही.

रॉजर ईस्टन, कीथ नॉक्स आणि विल्यम क्रिस्टेन्स-बॅरी या प्रतिमातज्ज्ञांची पद्धत दोन साध्या निरीक्षणांवर उभी आहे. तांबड्या उजेडात खरवडलेल्या शाईचा तांबूस डाग जवळजवळ चर्मपत्राइतकाच उजळ दिसतो, म्हणजे मिटतो. प्रार्थनांची शाई मात्र काळी राहते. अतिनील उजेडात चर्मपत्र निळसर चमकते आणि दोन्ही शाया ती चमक अडवतात, म्हणून दोन्ही मजकूर काळे दिसतात. संगणकावरची रंगीत प्रतिमा तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन थरांची, म्हणजे वाहिन्यांची, असते. आता तांबड्या उजेडातले चित्र तिच्या तांबड्या वाहिनीत घालायचे आणि अतिनील उजेडातले हिरव्या-निळ्या वाहिन्यांत. प्रार्थना सगळ्या वाहिन्यांत काळ्या, म्हणून काळ्याच राहतात. आर्किमिडीज तांबड्या वाहिनीत उजळ आणि बाकीच्यांत काळा, म्हणून लाल उमटतो. आधी संगणकावर वरचा मजकूर पूर्ण काढून टाकण्याचे प्रयत्न झाले होते, पण ते अभ्यासकांना सोयीचे नव्हते. वरचे अक्षर गेले की खालच्या अक्षरातही तिथे फट पडते, आणि ती फट मुळातली की गणिताने केलेली हे कळत नाही. वरचा मजकूर दिसत ठेवून खालचा रंगाने वेगळा करणे जास्त प्रामाणिक ठरले. २००७ मध्ये सगळी पाने पुन्हा बारा वर्णपट्ट्यांत, म्हणजे बारा वेगवेगळ्या रंगांच्या उजेडात, टिपली.

खोट्या चित्रांखाली यातले काहीच चालत नाही, कारण उजेड सोन्यातून आणि रंगातून पलीकडे जात नाही. तिथे कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रावर) भौतिकशास्त्रज्ञ उवे बर्गमन यांनी २००५ पासून क्ष-किरणांनी पाने तपासली. केसाएवढा बारीक क्ष-किरण पानावरून ओळीने फिरवायचा आणि प्रत्येक बिंदूवर लोह किती चमकते ते मोजायचे. जिथे लोह तिथे शाई. एका पानाला कित्येक तास लागतात. अडचण अशी की प्रार्थनांची शाईही लोहाचीच, आणि क्ष-किरण पानाच्या आरपार जातो. त्यामुळे नकाशात दोन मजकूर आणि दोन बाजू, असे चार थर एकावर एक येतात आणि उकल शेवटी ग्रीक जाणणाऱ्या माणसाच्याच डोळ्यांवर येते. मिरोनासचे नाव याच तंत्राने २००६ मध्ये पहिल्या पानावरून मिळाले.

हाती काय लागले? २००१ मध्ये गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक रेव्हिएल नेट्झ आणि केन साइतो यांनी ‘पद्धती’च्या चौदाव्या प्रमेयातला, हायबर्गना न लागलेला भाग वाचला. तिथे आर्किमिडीज दोन अनंत समूह संख्येने समान आहेत असे धरून युक्तिवाद करतो. ग्रीक गणितज्ञ प्रत्यक्ष अनंताला हात लावत नसत, ही समजूत त्यामुळे ढिली झाली. ‘स्टोमाखियॉन’ हा चौदा तुकड्यांच्या चौरसाचा खेळ. नेट्झ यांच्या मते तुकडे किती प्रकारे मांडता येतात हाच त्यातला प्रश्न असावा. आधुनिक मोजणीत उत्तर १७,१५२ येते. आर्किमिडीजचा हेतू तोच होता, हे मात्र उरलेल्या तुकड्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. हिपेरिदेसची भाषणे हा अनपेक्षित लाभ.

पुढची व्यवस्था

पाने पुन्हा शिवलेली नाहीत, आणि तो निर्णय योग्य वाटतो. शिवली तर घडीतल्या ओळी पुन्हा झाकल्या जातील, आणि सडलेल्या घड्यांना आता धाग्याचा ताण सोसणार नाही. खोटी चित्रेही खरवडलेली नाहीत. रंगाखालची शाई रंगाला चिकटलेली असते, रंग ओढला तर ती बरोबर येते. शिवाय क्ष-किरणांनी खालचा मजकूर मिळतो आहे, मग हात कशाला लावायचा?

प्रतिमा आणि मजकुराची नक्कल २९ ऑक्टोबर २००८ रोजी, लिलावाला दहा वर्षे झाली त्या दिवशी, सर्वांना मोफत वापरता येतील अशा परवान्याने खुल्या झाल्या. २०११ मध्ये दोन खंडांची छापील आवृत्ती निघाली. १९०६ नंतर हरवलेली तीन पाने तोवर मिळालेली नव्हती, त्यामुळे त्यांवरच्या मजकुरापुरते हायबर्ग यांच्या वाचनावरच विसंबावे लागले.